घरातील स्मृती आणि राष्ट्राचा इतिहास

१६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. त्या विजयाच्या स्मरणार्थ कराड येथे विजय दिवस समारोह भरतो. लष्करी प्रात्यक्षिके पाहण्यास पंचक्रोशीतील कुटुंबे मुलाबाळांसह येतात. प्रात्यक्षिकांचे आकर्षण स्वाभाविकच आहे. परंतु अभ्यासकाने त्या गर्दीतील माजी सैनिक आजोबांकडेही लक्ष द्यावे. नातवंडांना ते जे सांगतात, ते मौखिक इतिहासाचे साधन होय.

या साधनाची गरज सातारा जिल्ह्यातीलच ‘मिलिटरी अपशिंगे’ या गावावरून ध्यानात येते. पहिल्या महायुद्धात येथील ४६ जवान कामी आले. इंग्रज सरकारने त्या काळी गावोगाव लावलेल्या स्मृतिशिलांचा साचा ठरलेला असे: गावातून किती जण युद्धावर गेले आणि त्यांपैकी किती जणांनी प्राण दिले. संख्या कोरली जाई, नावे बहुधा नसत. आपल्याकडील पुष्कळ वीरगळांवरही झुंज व स्वर्गारोहण दिसते, पण वीराचे नाव आढळत नाही.

नाव उरते ते घरात. भिंतीवरची तसबीर, पेन्शनचे कागद, क्वचित एखादे पदक. त्या महायुद्धातील चांदीच्या पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, नाव व पलटण कोरलेली असे. (अडीअडचणीला अशी पदके मोडीतही गेली.) आजोबांच्या कथनात तारखा मागेपुढे होतात, पलटणीचे नाव मात्र सहसा चुकत नाही. म्हणून कथनाची नोंद घेताना आरंभ पलटणीपासून करावा, आणि घरात पदक असल्यास प्रथम त्याची कड वाचावी.