ऋण ऊर्जेचा अर्थ : डिरॅक यांचे समीकरण व भाभांचे गणित

नऊ या संख्येचे वर्गमूळ तीन, तसेच उणे तीनही होय. व्यवहारात उणे उत्तर निरर्थक मानून सोडून देण्यात येते. पदार्थविज्ञानात मात्र असेच एक ऋण उत्तर सोडता न आल्यामुळे प्रतिद्रव्याचा शोध लागला, आणि त्या उत्तराचा अर्थ पारखण्याच्या कामी मुंबईत जन्मलेल्या डॉ. होमी भाभा यांचा मोठा वाटा आहे.

सापेक्षतावादानुसार कणाचे वस्तुमान व संवेग यांवरून त्याच्या ऊर्जेचा वर्ग मिळतो. म्हणून ऊर्जेला धन व ऋण अशी दोन मूल्ये येतात. जुन्या यामिकीत ऊर्जा सलगपणे बदलते. धन ऊर्जेच्या कणाला मधले अंतर ओलांडता येत नसल्याने ऋण मूल्य वगळता येत असे. पुंजयामिकीत कण एका स्थितीतून दुसरीत एकदम जाऊ शकतो. त्यामुळे १९२८ साली पॉल डिरॅक यांनी इलेक्ट्रॉनचे समीकरण मांडले, तेव्हा प्रत्येक इलेक्ट्रॉन प्रकाश टाकीत ऋण ऊर्जेत कोसळला पाहिजे, अशी आपत्ती ओढवली.

१९३० साली डिरॅक यांनी तोड काढली. एका स्थितीत एकच इलेक्ट्रॉन राहू शकतो. तेव्हा ऋण ऊर्जेच्या सर्व स्थिती आधीच भरलेल्या असाव्यात. त्यांतील एखादी रिकामी झाल्यास ती उणीव धनभारित कणासारखी वागेल. हा कण प्रोटॉन असावा, असे त्यांना प्रथम वाटले. परंतु त्याचे वस्तुमान इलेक्ट्रॉनइतकेच हवे, हे स्पष्ट झाल्यावर १९३१ साली त्यांनी नव्या कणाचे भाकीत केले. १९३२ साली अमेरिकेत कार्ल अँडरसन यांना विश्वकिरणांचे निरीक्षण करताना मेघपेटीत त्याचा माग आढळला. हाच पॉझिट्रॉन होय.

तरीही एक प्रश्न उरला. पॉझिट्रॉन हा स्वतंत्र कण आहे, की खरोखरच इलेक्ट्रॉनची उणीव? केंब्रिज येथे भाभांनी या दोन कल्पनांमधील भेद गणिताने दाखविला. त्यांचा निबंध १९३६ साली प्रसिद्ध झाला. पॉझिट्रॉन स्वतंत्र असेल, तर इलेक्ट्रॉनशी टक्कर झाल्यावर तो केवळ विद्युत्-आकर्षणामुळे विचलित होईल. तो उणीव असेल, तर आणखी एक क्रिया संभवते : दोन्ही कण नष्ट होऊन नवी जोडी निर्माण होणे. त्यामुळे विचलनाचे प्रमाण बदलते, आणि हा बदल प्रयोगाने मोजता येतो.

पुढील प्रयोगांत हे गणित खरे ठरले. भरलेल्या स्थितींच्या कल्पनेची जागा कालांतराने क्षेत्रसिद्धांताने घेतली; भाभांचे सूत्र मात्र अबाधित राहिले. जिनीव्हा येथील इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यंत्रात, १९८९ ते २००० या काळात, किती टकरी घडल्या याचे माप याच क्रियेवरून घेतले जाई. तिला आज जगभर ‘भाभा प्रकीर्णन’ म्हणतात.

गणिताने दिलेले उत्तर अनुभवास विसंगत वाटले, तरी ते टाकून देण्यापूर्वी त्यातून कोणता प्रयोग निघतो हे पाहावे, हाच या इतिहासाचा बोध होय.