क्वार्टरबॅकची पारख

एका परीक्षेंत पहिला आलेला विद्यार्थी पुढच्या, अधिक कठीण परीक्षेंतही तसाच चमकेल असें खात्रीनें सांगतां येतें काय? हा प्रश्न शिक्षकांस व पालकांस नित्याचा आहे. अमेरिकेंत हाच प्रश्न दरवर्षीं एका खेळाच्या संबंधानें विचारला जातो, आणि त्याच्या उत्तरावर कित्येक तरुणांचें भवितव्य व कोट्यवधि डॉलर अवलंबून असतात. तो प्रश्न असा : कॉलेजांत नांवाजलेला क्वार्टरबॅक धंदेवाईक फुटबॉल खेळण्यास योग्य झाला आहे कीं नाहीं, हें ओळखावें कसें? या प्रश्नाचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम खेळाची ओळख करून घेऊं. अमेरिकन फुटबॉल हा आपल्या परिचयाच्या फुटबॉलाहून अगदीं निराळा आहे. त्यांतील चेंडू लांबट व दोहों टोकांस निमुळता असतो, आणि तो पायानें मारण्यापेक्षां हातीं धरून पळण्याचा किंवा फेंकण्याचाच प्रसंग अधिक येतो. प्रत्येक पक्षाचे अकरा गडी मैदानांत असतात, व दोन्ही पक्षांच्या गोलरेषांमधील अंतर १०० यार्ड असतें. चेंडू ज्या पक्षाकडे असेल त्यास चार संधि मिळतात. तेवढ्यांत तो निदान दहा यार्ड पुढें सरकला तर पुनः चार संधि मिळतात. न सरकल्यास चेंडू प्रतिपक्षाच्या हातीं जातो.

क्वार्टरबॅक हा चढाई करणाऱ्या पक्षाचा सूत्रधार होय. बहुतेक प्रत्येक संधीस चेंडू प्रथम त्याच्या हातीं येतो. तो जवळच्या गड्यास द्यावा, स्वतः घेऊन पळावें, कीं दूर धांवणाऱ्या सोबत्याकडे फेंकावा, हा निर्णय त्यालाच करावा लागतो. आणि त्यासाठीं त्याला सुमारें तीन सेकंद मिळतात. त्याच वेळीं प्रतिपक्षाचे दांडगे गडी त्याच्या अंगावर धांवून येत असतात. बळकट दंड असलेले तरुण पुष्कळ सांपडतात. परंतु अशा गर्दींत मन शांत ठेवून योग्य माणूस हेरणारे फार थोडे.

धंदेवाईक संघांची नॅशनल फुटबॉल लीग ही संस्था १९२० सालीं दुसऱ्या नांवानें स्थापन झाली, व आज तींत ३२ संघ आहेत. कॉलेजांतून बाहेर पडणारे गडी या संघांनीं क्रमवार निवडण्याची पद्धति १९३६ सालीं सुरू झाली. तिला ड्राफ्ट म्हणतात. मागील वर्षीं जो संघ सर्वांत मागें पडला, त्यास निवडीचा पहिला मान मिळतो. मौज अशी कीं, पहिल्याच ड्राफ्टमध्यें पहिला निवडला गेलेला शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर हा पुढें एकही धंदेवाईक सामना खेळला नाहीं. म्हणजे अंदाज व वस्तुस्थिति यांचा वाद त्या दिवसापासूनच सुरू झाला असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां हा अंदाज इतका कठीण कां, तें पाहूं. पहिलें कारण प्रतिस्पर्ध्यांचें. अमेरिकेंतील कॉलेज-फुटबॉलच्या वरच्या वर्गांत १३० हून अधिक विद्यापीठें आहेत, आणि त्यांच्या बळांत फार तफावत असते. मोठ्या विद्यापीठाच्या गड्यास वर्षांतून कित्येक सामने आपल्याहून दुबळ्या संघांशीं खेळावयास मिळतात. तेथें चेंडू झेलणारा सोबती आपल्या राखणदारास चार पावलें मागें टाकतो, आणि क्वार्टरबॅक त्याला मोकळा झालेला पाहून मग चेंडू फेंकतो. धंदेवाईक खेळांत मात्र समोरचा प्रत्येक राखणदार आपापल्या कॉलेजांत अग्रगण्य होता. तेथें सोबती मोकळा होण्याची वाट पाहणारा फसतो. सोबती वळण्यापूर्वींच, तो जेथें पोंचणार त्या रिकाम्या जागीं चेंडू सोडावा लागतो. म्हणून चतुर पारखी कॉलेजच्या सामन्याचें चित्रण पाहतांना चेंडू किती दूर गेला हें पाहण्याआधीं तो केव्हां सुटला हें पाहतो.

दुसरें कारण पद्धतीचें. कित्येक कॉलेजांत खेळ मुद्दाम सोपा केलेला असतो. सर्व गडी मैदानभर पसरून उभे राहतात, क्वार्टरबॅक कांहीं पावलें मागें उभा असतो, आणि काय करावयाचें याची खूण त्याला मैदानाच्या कडेवरून शिक्षक देतात. धंदेवाईक खेळांत १९९४ पासून क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणांत रेडिओ असतो. त्यांतून शिक्षक डावाचें लांबलचक सांकेतिक नांव सांगतात, तें त्यानें सोबत्यांस जसेंच्या तसें सांगावयाचें असतें. डाव सुरू करण्याच्या मुदतीचे १५ सेकंद उरले कीं रेडिओ बंद होतो. त्यापुढें प्रतिपक्षाची मांडणी वाचणें व जरूर तर डाव बदलणें हें त्याचें एकट्याचें काम. वरच्या वर्गांतील कॉलेजांस अशा रेडिओची सरसकट परवानगी २०२४ सालीं मिळाली. तेव्हां शिक्षकाच्या सांगण्याबरहुकूम उत्तम खेळणारा मुलगा शिक्षकाचा आवाज थांबल्यावर काय करील, हें कॉलेजच्या आंकड्यांवरून कळणें कठीण आहे.

तिसरें कारण लहानसें, परंतु मनोरंजक आहे. प्रत्येक डाव मैदानावरील दोन खुणांच्या ओळींच्या दरम्यान सुरू होतो. कॉलेजांत या ओळींमध्यें ४० फुटांचें अंतर असतें, तर धंदेवाईक मैदानावर तें केवळ १८ फूट ६ इंच. त्यामुळें कॉलेजांत चेंडू एका बाजूस असला म्हणजे दुसऱ्या बाजूस विस्तीर्ण मोकळी जागा सांपडते. वरच्या खेळांत चेंडू नेहमीं मध्याजवळ असतो, आणि ही आयती सवलत नाहींशी होते.

या अडचणींवर उपाय म्हणून संघांनीं नाना कसोट्या काढल्या आहेत. १९८७ पासून इंडियानापोलिस शहरीं उमेदवारांची मोठी तपासणी होत आली आहे. उंची, वजन, पंजाची लांबी, ४० यार्ड धांवण्याचा वेळ, सर्व कांहीं मोजलें जातें. बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांची बुद्धिपरीक्षाही पुष्कळ वर्षें घेतली जात असे. ती २०२२ सालीं बंद करण्यांत आली. बिल पार्सेल्स या प्रसिद्ध शिक्षकाच्या नांवावर एक साधी कसोटी सांगतात : क्वार्टरबॅक कॉलेजच्या शेवटच्या वर्षापर्यंत टिकलेला असावा, त्यानें पदवी घेतलेली असावी, आणि तो तीन वर्षें संघाचा मुख्य क्वार्टरबॅक असावा. या कसोटींत दंडाच्या बळाचें नांवही नाहीं. हातीं घेतलेलें काम जो तडीस नेतो त्याच्यावर पुढचें काम सोंपवावें, एवढाच तिचा मथितार्थ.

तरीही कसोट्या चुकतात. मिशिगन विद्यापीठाच्या टॉम ब्रॅडी यास ४० यार्ड धांवण्यास ५.२८ सेकंद लागले, व २००० सालच्या ड्राफ्टमध्यें त्याचा क्रमांक १९९ वा लागला. त्याच्या आधीं सहा क्वार्टरबॅक निवडले गेले होते. पुढें त्यानें तेवीस वर्षें खेळून लीगचा अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल, सात वेळां जिंकला. त्याचे पाय मोजले गेले. पण बिकट प्रसंगीं न डगमगण्याचा त्याचा गुण मोजण्याचें यंत्र कोणापाशीं नव्हतें.

१९९८ सालची गोष्ट याहून बोधप्रद आहे. त्या वर्षीं पेटन मॅनिंग पहिला व रायन लीफ दुसरा निवडला गेला, आणि दोघांत श्रेष्ठ कोण यावर जाणत्यांतही मतभेद होता. मॅनिंगच्या पहिल्या वर्षाचा निकाल पाहिला तर त्याचे २८ चेंडू प्रतिपक्षानें झेलले, आणि संघ १६ पैकीं १३ सामने हरला. तेवढ्यावरूनच निवाडा केला असता तर तो नापासच ठरला असता. पण तो आपल्या चुकांचा अभ्यास करीत राहिला, संघानें त्याच्यावर विश्वास ठेविला, आणि दुसऱ्याच वर्षीं त्याच संघानें १३ सामने जिंकले. लीफलाही पहिल्या वर्षीं अपयश आलें, परंतु तें त्याला सोसलें नाहीं. २००२ सालीं त्यानें खेळ सोडला. पुढें तो वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनांत सांपडला व त्याला तुरुंगवासही घडला. २०१४ सालीं सुटल्यावर मात्र त्यानें आपली कहाणी इतरांस सांगून व्यसनमुक्तीचें कार्य हातीं घेतलें. पारख चुकली म्हणजे केवळ संघाचे पैसे बुडतात असें नव्हे. बावीस वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर न पेलणारें ओझें पडतें, हें येथें ध्यानांत येतें.

आणखी एक उदाहरण देतों. २००५ सालीं युटा विद्यापीठाचा ॲलेक्स स्मिथ पहिला निवडला गेला, तर ॲरन रॉजर्स याला चोविसाव्या क्रमांकापर्यंत ताटकळावें लागलें. स्मिथला पहिल्याच वर्षीं मैदानांत उतरविण्यांत आलें. त्या वर्षीं त्याच्या फेंकीवर एकच टचडाऊन झाला, आणि अकरा चेंडू प्रतिपक्षानें झेलले. पुढें त्याचे शिक्षकही वारंवार बदलत गेले. उलट रॉजर्स तीन वर्षें ब्रेट फार्व्ह या मुरब्बी खेळाडूच्या मागें राहून शिकला, २००८ सालीं मुख्य झाला, व २०११ च्या फेब्रुवारींत त्यानें सुपर बोल जिंकला. मग स्मिथ नालायक होता काय? मुळींच नाहीं. २०११ सालीं जिम हार्बो हा नवा शिक्षक येतांच स्मिथच्या संघानें १६ पैकीं १३ सामने जिंकले. आणि २०१७ सालीं कॅन्सस सिटीच्या संघांत पॅट्रिक महोम्स हा नवशिका गडी ज्याच्या मागें राहून वर्षभर शिकला, तो मुख्य क्वार्टरबॅक म्हणजे हाच स्मिथ. महोम्सनें दुसऱ्या वर्षीं ५० टचडाऊन फेंकले, व लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून त्याचा गौरव झाला.

यावरून कांहीं गोष्टी निष्पन्न होतात. एक, कॉलेजांतील विजय व आंकडे हे पुरावे खरे, पण ते कोणाविरुद्ध व कोणत्या पद्धतींत मिळाले हें पाहिल्याशिवाय त्यांची किंमत ठरत नाहीं. दोन, पुष्कळ सामने खेळलेल्याविषयीं अंदाज करणें थोडें सोपें असतें, कारण त्याच्या चुकाही पाहावयास सांपडतात. आणि चूक झाल्यावर पुढच्या डावांत तो कसा वागतो, हें त्याच्या उत्तम डावापेक्षां अधिक बोलकें असतें. तीन, योग्यता ही केवळ मुलाच्या अंगीं असलेली वस्तु नाहीं. त्याला कोण शिकविणार, त्याच्या रक्षणास कोण उभे राहणार, आणि त्याला किती अवधि मिळणार, यांवरही ती अवलंबून असते. वाट पाहणें हाच एक राजमार्ग आहे असेंही नाहीं. मॅनिंग पहिल्या दिवसापासून खेळला व खेळतांखेळतांच शिकला. कोणास थांबवावें व कोणास उतरवावें, हें ओळखणें हाच पारखीचा कस.

आपल्या शाळेच्या मैदानावर हा खेळ नाहीं, तरी आपल्याही घरोघरीं दरवर्षीं निकालपत्रें येतात आणि एका आंकड्यावरून मुलांविषयीं निवाडे होतात. पालकांनीं तो आंकडा जरूर पाहावा. पण मुलगा कोठें अडला व अडल्यावर त्यानें काय केलें, हेंही विचारावें. आणि विद्यार्थ्यांनीं इतकें ध्यानांत ठेवावें कीं, ज्याचा १९९ वा क्रमांक लागला त्याला पुढें कोणी क्रमांक विचारला नाहीं, आणि ज्याचे २८ चेंडू प्रतिपक्षाच्या हातीं गेले त्यानेंच पुढच्या वर्षीं आपल्या संघास वर काढलें.