पासवर्ड बरोबर आहे, मग संगणकावरचे मेल का थांबले?

सीएंचे कार्यालय असो, छापखाना असो वा सोसायटीचे ऑफिस. तिथल्या संगणकावर वर्षानुवर्षे आउटलुक किंवा थंडरबर्ड सुरू असते आणि एके दिवशी ते अचानक पासवर्ड मागू लागते. बरोबर पासवर्ड दिला तरी पुन्हा तीच चौकट! मोबाइलवर मात्र त्याच खात्याचे मेल व्यवस्थित येत असतात. अशा वेळी पासवर्ड पुन्हा पुन्हा बदलून काहीच साधत नाही. अडचण पासवर्डची नसून तो देण्याच्या पद्धतीची असते.

नेमके काय बदलले?

जुन्या पद्धतीत सॉफ्टवेअर तुमचा पासवर्ड स्वतःजवळ साठवून ठेवते आणि मेल तपासताना तोच सर्व्हरला पाठवते. त्यात ओटीपी विचारायला जागाच नाही. पासवर्ड एकदा चोरीला गेला की चोराला पूर्ण खाते मोकळे. म्हणून गुगलने वैयक्तिक जीमेल खात्यांसाठी ही पद्धत ३० मे २०२२पासून बंद केली. मायक्रोसॉफ्टने कंपन्यांच्या खात्यांपासून ऑक्टोबर २०२२मध्ये सुरुवात केली. हॉटमेल, आउटलुक डॉट कॉमची वैयक्तिक खाती १६ सप्टेंबर २०२४पासून यात आली.

तिच्या जागी आलेल्या पद्धतीचे नाव ‘ओऑथ २.०’. यात लॉगिन थेट गुगलच्या किंवा मायक्रोसॉफ्टच्या पानावर होते, ओटीपीही तिथेच द्यायचा. सॉफ्टवेअरच्या हाती पासवर्ड लागतच नाही. त्याला फक्त एक डिजिटल परवाना म्हणजे ‘टोकन’ मिळते. हॉटेलच्या खोलीच्या कार्डासारखे. ठरलेलेच दार उघडते आणि हवे तेव्हा रद्द करता येते.

मग काय करायचे?

थंडरबर्डमध्ये अकाउंट सेटिंग्ज, मग सर्व्हर सेटिंग्ज उघडून ‘ऑथेंटिकेशन मेथड’मध्ये ‘ओऑथ२’ निवडा. लॉगिनची खिडकी उघडेल. ती अडली तर थंडरबर्डमध्ये कुकीज बंद आहेत का, ते पाहा. हाच बदल मेल पाठवण्याच्या, म्हणजे आउटगोइंग सर्व्हरच्या सेटिंगमध्येही करावा लागतो. अनेक जण नेमके हेच विसरतात. मग मेल येतात, पण जात नाहीत.

आउटलुक २०१०सारख्या जुन्या आवृत्तीला ओऑथ कळत नाही. जीमेल असेल तर ‘अ‍ॅप पासवर्ड’ची पळवाट आहे: गुगल खात्यात द्विस्तरीय पडताळणी सुरू करून १६ अक्षरांचा वेगळा पासवर्ड मिळवायचा. खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की तो रद्द होतो. शिवाय तो ओटीपीविना मेल उघडतो, त्यामुळे मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवून ठेवण्याची वस्तू ती नव्हे. हॉटमेलवाल्यांना मात्र ही पळवाट नाही. सॉफ्टवेअर नवे घ्यावे लागते किंवा ब्राउझरवर काम भागवावे लागते.

‘खाते काढून नव्याने टाकू’ हा सल्ला मात्र लगेच ऐकू नका. खाते ‘पॉप’ पद्धतीने जोडलेले असेल, तर जुने मेल सर्व्हरवरून केव्हाच गेलेले असू शकतात. त्यांची एकमेव प्रत त्याच संगणकात असते. आधी आउटलुकची पीएसटी फाइल किंवा थंडरबर्डचा प्रोफाइल फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. आणि ‘तुमचे मेल बंद होणार, इथे क्लिक करा’ असा मेल आला, तर त्यातल्या लिंकवर लॉगिन करू नका. खरी खिडकी सेटिंग बदलल्यावर सॉफ्टवेअरमधूनच उघडते.