गटाची गिरणी हलवताना

आज बोलायचंय ते गटाची पिठाची गिरणी एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायची कशी, यावर. आमच्या गटाने ती भाड्याच्या खोलीतून हलवली तेव्हा आठ जणींनी मिळून उचलली. उंबऱ्यात एकीचा हात सुटला आणि दुसरीच्या पायाचं बोट चेंगरलं. दीड महिना तिची मजुरी बुडाली. गटाने थोडे पैसे दिले, पण बोट काही पहिल्यासारखं झालं नाही.

तेव्हा गिरणी उचलायची नाही, सरकवायची. आधी वायरमनकडून वीज तोडून घ्या. मग मिस्त्रीकडून पट्टा, मोटर, धान्य ओतायचा वरचा डबा आणि जातं वेगळं काढून घ्या. बरंच ओझं तिथेच हलकं होतं.

आता पहार घ्या. तिच्याखाली लाकडी ठोकळ्याचा टेकू द्या. टेकूपासून गिरणीकडे एक वीत आणि तुमच्या हाताकडे सहा विती पहार राहिली, तर तुमचा जोर सहापट होतो. विहिरीवरचा दगड गडी असाच उलथतात की! एक बाजू चार बोटं उचलली की खाली ठोकळा सारा, पण हाताने नाही, काठीने. मग दुसरी बाजू. खाली लोखंडी पाइपचे तीन तुकडे आडवे घाला आणि ढकला. मागचा पाइप मोकळा झाला की तो पुढे लावायचा. गिरणी थांबल्याशिवाय पाइपला हात लावू नका, आणि पाइपच्या तोंडात बोटं तर कधीच घालू नका. जमीन मातीची असेल तर जाड फळ्या अंथरा.

उतारावर वरच्या अंगाला दोर बांधून खांबाला एक वेढा द्या आणि हळूहळू सैल सोडा. खालच्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही. गिरणी कलंडायला लागलीच तर धरायला धावू नका, बाजूला व्हा. लोखंड दुरुस्त होतं.

पदर खोचा, बांगड्या काढा, पायात बूट घाला. हुकूम एकीनेच द्यायचा. पोटुशी, ओली बाळंतीण, पाठदुखीवाली आणि जिचं अंग बाहेर येतं ती, यांनी जोर लावायचा नाही. त्यांनी चहाचं बघावं. यात लाजण्यासारखं काही नाही, पण बाया सांगत नाहीत, म्हणून आधी विचारा.

नव्या जागी मिस्त्रीकडून बोल्ट आवळून घ्या. पहिलं पायलीभर दळण टाकून द्या, त्यात दगडाची कच असते. जनावरांनाही घालू नका.