जुन्या यंत्रात नवी प्रणाली

घरातील संगणक म्हणजे पडदा, कळफलक आणि टेबलाखाली घरघरणारी एक पेटी, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः ही सारी सामग्री एकत्र जोडून विजेचा प्रवाह सुरू केला, तरी तेवढ्याने पडद्यावर एक अक्षरही उमटणार नाही. कोणती कळ दाबली म्हणजे कोणते अक्षर समजावयाचे, ते कोठे दाखवावयाचे, लिहिलेला मजकूर कोणत्या कप्प्यात ठेवावयाचा आणि मागितला की तो कसा शोधून आणावयाचा, हे सारे पाहणारा कोणी कारभारी लागतो. हा कारभारी लक्षावधी लेखी आज्ञांचा बनलेला असतो. त्यास इंग्रजीत ऑपरेटिंग सिस्टिम आणि मराठीत कार्यप्रणाली म्हणतात. पत्रे लिहिण्याचे, हिशेबाचे, छायाचित्रे पाहण्याचे जे जे सॉफ्टवेअर आपण वापरतो, ते ते याच कारभाऱ्याच्या हाताखाली काम करीत असते.

जुना कारभारी नीट काम करीत असताना नवा कशासाठी, असा प्रश्न कोणाही काटकसरी गृहस्थाच्या मनात यावा हे स्वाभाविक आहे. नव्या आवृत्तीतील रंगीत चित्रे आणि गोल कोपऱ्यांच्या चौकटी पाहून तर तो प्रश्न अधिकच बळावतो. आणि केवळ त्या नटवेपणासाठी कोणी प्रणाली बदलू नये, हेही खरे. खरे कारण निराळे आहे. लक्षावधी आज्ञांच्या रचनेत कोठे ना कोठे उणीव राहतेच. मागील दाराची सैल कडी वर्षानुवर्षे घरातल्या कोणाच्या ध्यानात येऊ नये आणि एके दिवशी ती चोराच्या नजरेस पडावी, असा हा प्रकार असतो. प्रणाली तयार करणारी संस्था अशा उणिवा सापडतील तसतशा दुरुस्त करते आणि त्या दुरुस्त्या इंटरनेटवरून घरोघरी पाठविते. आवृत्ती फार जुनी झाली म्हणजे मात्र हे काम थांबते.

याचा प्रत्यय साऱ्या जगास २०१७ साली आला. विंडोज या प्रणालीतील एका उणिवेवरची दुरुस्ती त्या वर्षी १४ मार्च रोजी प्रसिद्ध झाली होती. त्यानंतर १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचे एक उपद्रवी सॉफ्टवेअर त्याच वाटेने आत शिरले आणि सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांत पसरले. संगणकातील कागदपत्रे ते सांकेतिक स्वरूपात बदलून टाकी आणि पूर्ववत करून देण्यासाठी खंडणी मागे. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील सुमारे एक तृतीयांश संस्थांच्या कामात त्यामुळे व्यत्यय आला. रुग्णांच्या ठरलेल्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. दुरुस्ती दोन महिने आधी हाताशी होती. पुष्कळांनी ती बसविलीच नव्हती. पुढल्याच महिन्यात, २७ जून रोजी, त्याच उणिवेचाही उपयोग करून पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ने मुंबईजवळच्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम बंद पाडले. उणीव आज्ञांतली, पण अडून राहिले ते मालाने भरलेले कंटेनर.

घरोघरी रुळलेली विंडोज १० ही आवृत्ती २९ जुलै २०१५ रोजी आली आणि तिची नेहमीची विनामूल्य देखभाल मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या देण्याची सवलत तेवढी ठेवण्यात आली. देखभाल थांबली त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही, आणि म्हणूनच या गोष्टीकडे दुर्लक्ष होते. कडी सैल आहे म्हणून दार काही कोसळत नाही.

विंडोज १० नंतरची विंडोज ११ ही आवृत्ती ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली. पात्र संगणकावर ती विनामूल्य बसविता येते. अडचण आहे ती पात्रतेचीच. ४ जीबी स्मृती आणि ६४ जीबी साठवण या अटी जड नाहीत. परंतु प्रोसेसर ६४ बिटांचा आणि कंपनीच्या यादीतला असावा लागतो. इंटेल कंपनीच्या प्रोसेसरांपैकी साधारणतः आठव्या पिढीपासूनचेच त्या यादीत आहेत. शिवाय टीपीएम २.० नावाची सोय हवी. गुप्त किल्ल्या सुरक्षित ठेवणारी ही एक बारीकशी तिजोरी असते. काही संगणकांत तिची स्वतंत्र चिप असते, तर काहींत ती प्रोसेसरमध्येच सामावलेली असते. पुष्कळ संगणकांत ही तिजोरी असते, पण बंद ठेवलेली असते. संगणक सुरू होताना उघडणाऱ्या मूळ मांडणीच्या पानावर जाऊन ती चालू केली की काम भागते. म्हणून ‘आपला संगणक अपात्र आहे’ एवढे वाक्य पडद्यावर वाचून लगेच नव्या यंत्राच्या खरेदीस निघू नये. अपात्रतेचे कारण आधी वाचावे.

कारण प्रोसेसरच असेल, तर मात्र इलाज नाही. आठ-दहा वर्षांचे धडधाकट यंत्र केवळ यादीत नाव नाही म्हणून भंगारात जावे, ही गोष्ट सहजी पटणारी नाही. अशा यंत्रासाठी लिनक्सचा मार्ग मोकळा आहे. फिनलंडमधील लिनस टॉरव्हॉल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा लिहिला आणि पुढे जगभरच्या जाणकारांनी तो वाढविला. तिच्यावर आधारलेली उबुंटूसारखी प्रणाली विनामूल्य मिळते, आणि तिच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांना पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. मात्र विंडोजसाठी लिहिलेली सॉफ्टवेअरे तिच्यावर सरळ चालत नाहीत, याचा विचार आधी केलेला बरा.

प्रणाली कोणतीही निवडली, तरी ती बसविण्यापूर्वीचे एक काम सर्वांत महत्त्वाचे आहे आणि नेमके तेच टाळले जाते. ते म्हणजे आपल्या साहित्याची प्रत काढणे. संगणक बिघडला तर दुसरा आणता येतो, प्रणालीही पुन्हा बसविता येते. परंतु आजोबांच्या पंच्याहत्तरीची छायाचित्रे, ताईचा अर्धवट लिहिलेला प्रबंध, दुकानाचा चालू वर्षाचा हिशेब या गोष्टी कोणत्याही बाजारात मिळत नाहीत. त्यांची नक्कल संगणकाबाहेरच्या डिस्कवर घ्यावी. त्याच संगणकाच्या दुसऱ्या कप्प्यात ठेवलेली नक्कल ही नक्कलच नव्हे, कारण डिस्क बिघडली तर दोन्ही एकदमच जातात. नक्कल घेतल्यावर ती दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून पाहावी. काही संगणकांतील डिस्क कुलूपबंद असते. तिची ४८ अंकांची किल्ली नव्या मांडणीच्या वेळी विचारली जाण्याचा संभव असतो. ती आधीच कागदावर उतरून ठेवावी, आणि तो कागद जपावा.

मराठी घरांत याखेरीज आणखी एक काळजी घ्यावी लागते. १९९० च्या सुमारास संगणकावर मराठी लिहिण्यासाठी जे फॉन्ट निघाले, त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले होते. संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमन अक्षरांचाच. फॉन्टमुळे तो केवळ मराठी दिसे. फॉन्ट नाहीसा झाला, की ‘सप्रेम नमस्कार’ऐवजी पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग उभी राहते. युनिकोड या जागतिक व्यवस्थेने ही अडचण मुळातून दूर केली. १९९१ पासून तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे. ‘क’चा क्रमांक २३२५, मग फॉन्ट कोणताही असो. विंडोजमध्ये ही सोय २००० साली आलेल्या आवृत्तीपासून झाली. तथापि जुन्या पद्धतीने लिहिलेली पत्रे, संस्थांची इतिवृत्ते, कवितांच्या वह्या अजूनही अनेकांच्या संगणकांत पडून आहेत. जुन्या प्रणालीवरच नवी चढविली तर फॉन्ट सहसा टिकून राहतात; डिस्क पुसून नवी मांडणी केली तर ते जातात. म्हणून मजकुराबरोबर त्याच्या फॉन्टचीही नक्कल घ्यावी, आणि सवड काढून तो मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घ्यावा. छपाईच्या धंद्यातील काही जुनी सॉफ्टवेअरे डोंगल नावाचा लहानसा ठोकळा संगणकाला जोडल्याखेरीज सुरू होत नाहीत. तो ठोकळा नव्या प्रणालीस ओळखता येईल की नाही, याची चौकशीही आधीच करावी.

एवढी तयारी झाल्यावर प्रत्यक्ष काम सोपे असते. कित्येक जीबींची सामग्री इंटरनेटवरून उतरते, संगणक स्वतःच दोन-तीन वेळा बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि पडद्यावर टक्के चढत जातात. या वेळी वीज जाता कामा नये. ज्या गावी भारनियमन आहे तेथे त्याची वेळ पाहून काम हाती घ्यावे. लॅपटॉप असेल तर तो विजेस जोडलेलाच ठेवावा, आणि मोठ्या संगणकास यूपीएसचा आधार असावा. टक्के एकाच आकड्यावर बराच वेळ थांबले म्हणून कंटाळून कळ दाबण्याचा मोह आवरला पाहिजे, कारण आत काम चालूच असते.

नवी प्रणाली सुरू झाली, की पहिल्याच दिवशी घरातील प्रत्येकाने आपापले काम करून पाहावे. एकाने छपाईयंत्रावर एक पान छापावे. जुन्या छपाईयंत्रास नव्या प्रणालीसाठी लिहिलेला ड्रायव्हर मिळाला नाही, तर ते मुके बसते. दुसऱ्याने मराठी कळफलक उघडून जोडाक्षरे उमटतात की नाही हे पाहावे. तिसऱ्याने जुनी पत्रे उघडावी. ही तपासणी लांबणीवर टाकण्यात धोका आहे. विंडोज ११ जुन्या आवृत्तीवर चढविली असता ती जुनी आवृत्ती एका बाजूस राखून ठेविते, आणि काही बिघडल्यास तिच्याकडे परत जाता येते. परंतु ही मुभा सामान्यतः केवळ १० दिवसांची असते. ती मुदत उलटली, की जागा मोकळी करण्यासाठी संगणक ती जुनी आवृत्ती आपणहून पुसून टाकतो.