नव्या कानांसाठी नवी गाणी : स्वतंत्र बँडची ओळख कशी करून द्यावी?

संध्याकाळची वेळ. घरातील तरुण मुलगी कानांत इयरफोन घालून खिडकीपाशी बसली आहे. आई विचारते, "काय ऐकतेस गं?" मुलगी उत्तर देते, "तुला नाही आवडणार ते." संवाद तेथेच संपतो. असे प्रसंग आपल्यापैकी अनेकांच्या घरी घडत असतील. आईला ते गाणे खरोखरच आवडले नसते काय? हे कोणालाच कळत नाही, कारण ते तिच्या कानांपर्यंत पोहोचलेलेच नसते.

हे गाणे पुष्कळदा चित्रपटातील नसते. ते एखाद्या 'इंडी' बँडचे असते. आपल्याकडे बँड म्हटले की लग्नाच्या वरातीतील पितळी वाद्ये डोळ्यांसमोर येतात. येथे मात्र बँड म्हणजे चार-सहा कलाकारांचा असा समूह, जो स्वतःची गाणी स्वतः लिहितो, स्वतः संगीतबद्ध करतो आणि स्वतःच वाजवतो. 'इंडी' म्हणजे स्वतंत्र. ह्या बँडच्या पाठीशी बहुधा मोठी संगीत कंपनी नसते. ध्वनिमुद्रणाचा खर्च कलाकार स्वतः उचलतात आणि म्हणूनच गाण्याची मालकीही त्यांच्याकडेच राहते. स्वातंत्र्याची ही किंमत आणि हेच त्याचे मोल होय.

ही कल्पना आपल्याला परकी वाटू नये. गोव्यातील शिवोली गावचे रेमो फर्नांडिस ह्यांनी १९८४ साली 'गोअन क्रेझी' ही ध्वनिफीत आपल्या घरीच मुद्रित केली. वाद्ये त्यांनीच वाजवली, गायलेही त्यांनीच, आणि तयार झालेल्या कॅसेट आपल्या स्कूटरवरून दुकानांत पोहोचवल्या. पुढे २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. 'इंडी' हा शब्द आपल्याकडे रुळण्याच्या कितीतरी आधी गोव्याच्या एका घरात ती गोष्ट घडून गेली होती.

शिफारशीचे महत्त्व

आज कॅसेट गेल्या आणि स्कूटरची जागा मोबाईलने घेतली. गाणे जगभर पोहोचवणे सोपे झाले. मात्र ते कोणीतरी ऐकणे अधिक कठीण झाले. मोठ्या कंपनीकडे जाहिरातीसाठी पैसा असतो. स्वतंत्र बँडकडे असतो तो केवळ एका श्रोत्याने दुसऱ्याला सांगितलेला शब्द.

ह्या शब्दाचे व्यावहारिक मोलही समजून घेऊ या. स्पॉटिफाय ह्या संगीतसेवेने २०२४ पासून असा नियम केला आहे की, मागील बारा महिन्यांत जे गाणे किमान १००० वेळा ऐकले गेले नाही, त्याच्या ध्वनिमुद्रणाचे मानधन दिले जाणार नाही. ऐकणाऱ्या निरनिराळ्या माणसांची संख्याही अगदी अल्प असून चालत नाही. प्रस्थापित गायकाला एक हजार हा आकडा काही क्षणांचा असतो. नवख्या बँडला तो वर्षभराचा डोंगर ठरू शकतो. साधा हिशेब मांडला तर शंभर माणसांनी एक गाणे वर्षभरात दहा-दहा वेळा ऐकले की हा डोंगर ओलांडता येतो. शंभर माणसे म्हणजे आपल्या एखाद्या आळीतील लोक! तेव्हा शिफारस करणे हा केवळ आवडीचा विषय उरत नाही. एखादा बँड पुढील गाणे मुद्रित करील की विखरून आपापल्या नोकऱ्यांना लागेल, हे काही प्रमाणात त्यावर अवलंबून असते.

आमची एक चूक

आम्ही एकदा मोठ्या उत्साहाने एका ज्येष्ठ स्नेह्यांना चाळीस गाण्यांची यादी दिली. महिन्याने भेट झाली तेव्हा त्यांनी संकोचून सांगितले की, एकही गाणे ऐकून झाले नाही. दोष त्यांचा नव्हता. चाळीस गाण्यांची यादी ही भेट नसून तो अभ्यास असतो, आणि अभ्यास कोणालाच नको असतो.

त्यातून आम्ही काही धडे घेतले. पहिला असा की, आपल्या आवडीपासून नव्हे, तर समोरच्याच्या कानापासून सुरुवात करावी. ही व्यक्ती काम करताना काय गुणगुणते? तिला शब्द महत्त्वाचे वाटतात की ठेका? दुसरा, एका वेळी एकच गाणे सुचवावे. तिसरा, शक्य असेल तर ते बरोबर बसून ऐकावे आणि गाणे चालू असताना मध्येच त्याची थोरवी सांगू नये. चौथा आणि सर्वांत अवघड धडा म्हणजे, 'नाही आवडले' हे उत्तर शांतपणे स्वीकारावे. ज्याला नाही म्हणण्याची मोकळीक असते, तोच पुढच्या वेळी पुन्हा ऐकायला बसतो.

कोणासाठी कोणता बँड?

आता काही प्रत्यक्ष नावे पाहू. ह्यांतील काही बँड आता नवखे राहिलेले नाहीत. पण ज्याने त्यांना ऐकलेले नाही त्याच्यासाठी ते नवेच आहेत.

ज्यांचे कान उपासनेतील गायनावर घडले आहेत, त्यांनी 'इंडियन ओशन' ह्या दिल्लीच्या बँडपासून आरंभ करावा. त्यांच्या २००० सालच्या 'कंदिसा' ह्या संग्रहातील शीर्षकगीत म्हणजे केरळमधील संत थॉमसच्या परंपरेतील ख्रिस्ती लोकांचे प्राचीन सिरियाक भाषेतील स्तोत्र आहे. 'कंदिसा' म्हणजे पवित्र. गिटार आणि तबला ह्यांच्या साथीने ते शांतपणे सुरू होते आणि हळूहळू भरतीच्या लाटेसारखे उंचावत जाते. रॉक संगीत म्हणजे गोंगाट, असे मानणाऱ्यांना आम्ही आवर्जून हे गाणे ऐकवतो.

अभंग आणि भजने ज्यांच्या ओठांवर आहेत, त्यांच्यासाठी मुंबईचा 'अभंग रिपोस्ट' हा बँड आहे. वारकरी संतांचे अभंग ते गिटार, बेस आणि ड्रम ह्यांच्या साथीने सादर करतात. ना. वा. टिळकांची भजने गात मोठे झालेल्या आपल्या वाचकांना ह्या रचनेचा घाट ओळखीचा वाटेल. नवी आहेत ती सभोवतालची वाद्ये. आजोबा आणि नातू ह्यांना एकत्र बसवून ऐकवावा असा हा बँड आहे.

ज्यांना हलकीफुलकी, प्रसन्न गाणी भावतात, त्यांना कोचीचा 'व्हेन चाय मेट टोस्ट' हा बँड ऐकवावा. २०१६ साली स्थापन झालेला हा समूह मुख्यतः इंग्रजीत गातो, तथापि हिंदी, तमिळ व मलयाळम भाषेतील ओळीही त्यांच्या गाण्यांत येतात. त्यांचे 'फायरफ्लाय' हे गाणे नव्या श्रोत्यासाठी उत्तम दार होय. त्याच वाटेवर, पण अधिक मृदू आवाजात, पुण्याचा 'ईझी वाँडरलिंग्ज' हा बँड भेटतो. 'अ‍ॅज रिटन इन द स्टार्स' हा त्यांचा २०१७ सालचा संग्रह रात्री जेवणे आटोपल्यावर, दिवे मंद करून ऐकण्याजोगा आहे.

जुन्या हिंदी चित्रपटगीतांतील ट्रम्पेट आणि व्हायोलिन ज्यांच्या स्मरणात आहेत, त्यांचा विचार वेगळा करावा. त्या वाद्यवृंदांत गोव्याच्या कितीतरी वादकांनी आयुष्य वेचले. अनेकांनी स्वरलिपीचे पहिले धडे चर्चच्या संगीतशाळेत गिरवले होते. अशा श्रोत्यांना दिल्लीच्या 'पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी'चा 'बिस्मिल्ला' (२०१९) हा संग्रह सुचवावा. नावात कंपनी असली तरी हा बँडच आहे. जॅझ, वॉल्ट्झचा ठेका आणि काहीसा उदास, भारदस्त आवाज ह्यांमुळे जुन्या नृत्यसंध्येची आठवण जागी होते. त्यांचा 'बीटा' हा संग्रह २०२४ साली आला.

आणि ज्या तरुणांना जोरकस, कडाडणारे संगीत हवे असते, त्यांच्यासाठी दिल्लीचा 'ब्लडीवुड' आहे. मेटल संगीतात ढोल आणि पंजाबी-हिंदी शब्द मिसळणाऱ्या ह्या बँडने २०१९ साली जर्मनीतील वाकेन महोत्सवात आपली कला सादर केली आणि २०२२ साली 'रक्षक' हा संग्रह स्वबळावर प्रकाशित केला. नाव ऐकून पालकांनी दचकू नये. त्यांचे 'जी वीरे' हे २०१८ सालचे गाणे नैराश्याने खचलेल्या माणसाला धीर देणारे आहे. त्या गाण्यासोबत त्यांनी गरजू श्रोत्यांसाठी समुपदेशनाची काही सत्रे मोफत उपलब्ध करून दिली होती. मुलाच्या खोलीतून येणारा हा 'गोंगाट' नेमके काय सांगतो आहे, हे एकदा त्याच्याच शेजारी बसून ऐकायला काय हरकत आहे?

अगदी नवखे बँड कोठे भेटतात?

ज्यांचे नाव अद्याप कोणालाच ठाऊक नाही, असे बँड यादीत सापडत नाहीत. ते प्रत्यक्ष कार्यक्रमांत भेटतात. पुण्यात २०१० साली सुरू झालेला 'एनएचसेव्हन वीकेंडर' किंवा अरुणाचल प्रदेशात २०१२ पासून भरू लागलेला 'झिरो महोत्सव' अशा ठिकाणी प्रसिद्ध कलाकार रात्री गातात. दुपारच्या उन्हात, तुरळक गर्दीसमोर जो बँड जीव ओतून वाजवत असतो, तो बहुधा नवखा असतो. म्हणून लवकर जावे.

अशा जागा टिकतातच असे मात्र नाही. मुंबईत धोबीतलावला, सेंट झेवियर्स महाविद्यालयाशेजारच्या रंगभवनात 'इंडिपेन्डन्स रॉक' हा १९८६ साली सुरू झालेला महोत्सव अनेक वर्षे गाजला. शांतताक्षेत्राच्या नियमांमुळे २००३ मध्ये ते रंगमंच शांत झाले. लोअर परळचे 'ब्लू फ्रॉग' २००७ साली उघडले आणि २०१६ साली बंद झाले. जागा गेली की नव्या बँडची पहिली पायरीच निखळते. अशा वेळी श्रोत्यांची साथ अधिकच मोलाची ठरते.

ही साथ कशी द्यावी? गाणे आवडले तर ते पुन्हा ऐकावे, बँडचे नाव लक्षात ठेवावे आणि नावानिशी दुसऱ्याला सांगावे. कार्यक्रमाचे तिकीट विकत घ्यावे, फुकटचा पास मागू नये. 'बँडकॅम्प'सारख्या संकेतस्थळावर संग्रह विकत घेता येतो. तेथे डिजिटल विक्रीतील साधारण १५ टक्के वाटा संकेतस्थळ ठेवते आणि व्यवहाराचा खर्च वजा जाता उरलेली रक्कम कलाकाराच्या हाती पडते.

वेळ निघून जाण्यापूर्वी

शेवटी पुन्हा 'इंडियन ओशन'कडे वळू. ह्या बँडचे गायक आणि तबलावादक असीम चक्रवर्ती ह्यांचे डिसेंबर २००९ मध्ये निधन झाले. त्यांचा आवाज असलेली अखेरची गाणी बँडने २०१० पासून एकेक करून श्रोत्यांना मोफत दिली. दिल्लीतील करोलबागेत ज्या जुन्या घरात ते वर्षानुवर्षे सराव करीत, त्या घराचा पत्ता, '१६/३३० खजूर रोड', हेच त्या संग्रहाचे नाव आहे. आज ती गाणी ऐकताना मनात येते की, ज्या श्रोत्याला असीम चक्रवर्ती ह्यांना प्रत्यक्ष ऐकायचे होते, त्याला हे नाव कोणीतरी थोडे आधी सांगायला हवे होते.

म्हणून, वाचकहो, शिफारस उद्यावर ढकलू नये. कदाचित आपल्या धर्मग्रामातील गायकवृंदात गिटार वाजवणारा एखादा मुलगा मित्रांसोबत कोणाच्यातरी ओसरीवर सराव करीत असेल. त्यांचे पहिले गाणे आले की ते ऐकावे, आणि आवडले तर दुसऱ्या एकाला सांगावे. आणि घरातील मुलीने "तुला नाही आवडणार" असे म्हटले, तर आईने तिच्याशेजारी बसून एवढेच म्हणावे, "एकच गाणे लाव. ऐकून तर बघू."