चार भिंतींतील गांजाचा मळा : उजेडाचा हिशेब

पीक रानात न घेता घरात, दिव्यांच्या उजेडात घ्यावे, ही कल्पना आता आपल्याकडे नवलाची राहिलेली नाही. अळिंबी, केशर, पालेभाज्या, हिरवा चारा इत्यादि पिकांसाठी बंदिस्त खोल्या उभारून देणारे लोक गावोगाव भेटतात, आणि एका खोलीत एकराचे उत्पन्न निघेल असे आश्वासनही देतात. अशा वेळी कर्ज काढून भिंती उभारण्यापूर्वी, ज्या पिकावर ही पद्धत परदेशात फार मोठ्या प्रमाणावर अजमावली गेली आहे, त्या पिकाचा जमाखर्च तपासून पाहणे शहाणपणाचे होईल. ते पीक म्हणजे गांजा होय.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या देशात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यान्वये सरकारी परवानगीवाचून गांजाचे झाड लावणे हा गुन्हा आहे, व त्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा सांगितली आहे. झाड रानात लावले काय किंवा खोलीतील कुंडीत लावले काय, कायद्याच्या दृष्टीने त्यात भेद नाही. तेव्हा प्रस्तुत लेख हे पीक घेण्याची शिफारस नव्हे. दुसऱ्याने केलेल्या खर्चावरून आपण काय शिकावे, एवढाच त्याचा उद्देश आहे.

उघड्या रानातील गांजा

हे झाड आपल्या मातीला परके नाही. १८९३-९४ साली सरकारने नेमलेल्या भांग-गांजा चौकशी मंडळाने जी माहिती गोळा केली, तीत मुंबई इलाख्यातील नगर जिल्हा, मध्यप्रांतातील खांडवा आणि बंगालमधील नौगाव ही लागवडीची नावाजलेली ठिकाणे होती. नौगावच्या उत्पादकांनी तर १९१७ साली आपली सहकारी संस्था काढली होती. नौगाव आज बांगलादेशात असून तेथील लागवड १९८७ साली बंद झाली.

या सर्व ठिकाणी पीक उन्हातच येत असे. गांजाची नर झाडे वेगळी व मादी झाडे वेगळी असतात. मादी फुलोऱ्यास पराग लागून बी धरले म्हणजे माल हलका होतो. म्हणून फुले उमलण्यापूर्वीच नर ओळखून उपटून टाकावे लागत. नौगावकडे हे काम करणारे खास जाणकार असत व त्यांस पोद्दार म्हणत. म्हणजे कसब व मेहनत माणसाची होती, परंतु उजेड, ऊब आणि वारा यांसाठी कोणासही दमडी मोजावी लागत नव्हती.

पीक खोलीत का शिरले

अमेरिकेत बंदीच्या काळात पोलिसांची नजर चुकविण्यासाठी हे पीक तळघरात आणि गुदामात शिरले. पुढे कोलोरॅडो संस्थानात १९१२ नव्हे, तर २०१२ साली लोकमताने त्यास मोकळीक मिळाली व १ जानेवारी २०१४ पासून उघड विक्री सुरू झाली. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून देशभर परवानगी दिली. लपण्याचे कारण संपले, तरी खोल्या राहिल्या. याचे कारण असे की, बंद जागेत वर्षातून अनेक पिके निघतात, माल एकसारखा येतो आणि त्यास भावही चढा मिळतो.

खोलीची सोय ज्या गुणावर अवलंबून आहे तो गुण शास्त्रज्ञांस शंभर वर्षांपूर्वीच कळला होता. फ्रान्समध्ये तूर्न्वा यांनी १९१२ च्या सुमारास दाखविले की, दिवसाचा उजेड आखूड केला म्हणजे हे झाड लवकर फुलावर येते. १९२० साली अमेरिकेत गार्नर व ॲलर्ड यांनी तंबाखू, सोयाबीन आदि पिकांवर हाच नियम विस्ताराने सिद्ध केला. आपल्याकडील हरितगृहात शेवंती करणारे बागाईतदार रात्री दिवे लावून फुले लांबवितात व काळा पडदा ओढून ती अलीकडे आणतात, तेही याच नियमावर. गांजाच्या खोलीत रोप वाढेपर्यंत अठरा तास दिवे जळतात. मग ते बारा तासांवर आणले की झाडास हिवाळा आल्याचा भास होऊन फुलोरा धरतो.

खोलीची रचना

खोलीच्या भिंतींतून उष्णता आतबाहेर जाऊ नये म्हणून त्या जाड अस्तराच्या करतात व आतून पांढऱ्या रंगवितात, म्हणजे उजेड वाया जात नाही. छतास दिवे टांगतात. पूर्वी ते सोडियमचे असत, आता एलईडी दिवे त्यांची जागा घेत आहेत. दिव्याने जागा तापते म्हणून वातानुकूलन यंत्र लागते. झाडास घातलेले बहुतेक सर्व पाणी पानांवाटे वाफ होऊन हवेत जाते. रानात ते वारा घेऊन जातो, परंतु खोलीत ते साठून फुलोऱ्यास बुरशी लागते. म्हणून दमटपणा काढणारे दुसरे यंत्र बसवितात. दारे-खिडक्या बंद असल्यामुळे झाडांस कर्बवायू कमी पडतो, तो अनेक ठिकाणी नळकांड्यांतून पुरवितात. मातीच्या जागी नारळाच्या काथ्याचा भुसा किंवा दगडापासून केलेली लोकर वापरतात व खते पाण्यातून देतात.

या यादीकडे बारकाईने पाहिले असता असे दिसते की, निसर्ग जे जे फुकट देतो ते ते भिंत घातल्याबरोबर विकत घ्यावे लागते, आणि त्यांपैकी एक वस्तू विकत घेतली की तिच्यामुळे दुसरी घेणे भाग पडते.

एका गुंठ्याचा हिशेब

आता आकड्यांकडे वळू. फुलोऱ्याच्या काळात दर चौरस मीटरास सुमारे चारशे वॅटचे दिवे लागतात असे धरू. हा अंदाज अवाजवी नाही. मॅसॅच्युसेट्स संस्थानाने मोठ्या बंदिस्त मळ्यांस दर चौरस फुटास ३६ वॅट अशी कमाल मर्यादा घालून दिली होती, ती जवळपास एवढीच भरते. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे दिवे झाले चाळीस किलोवॅटचे. ते रोज बारा तास जळाले की सुमारे ४८५ युनिट वीज खर्ची पडते.

ही सर्व वीज अखेर उष्णतेच्या रूपाने खोलीतच राहते. ती बाहेर काढण्यास, चांगले यंत्र असले तरी, दिव्यांच्या विजेच्या तिसऱ्या हिश्शाएवढी वीज आणखी लागते. ती सुमारे १६० युनिट धरली तर रोजची बेरीज साडेसहाशे युनिटांच्या घरात जाते. फुलोऱ्याचे साठ दिवस धरले तर एका पिकास ३९ हजार युनिट. युनिटास आठ रुपये दर मानल्यास ही रक्कम ३ लाख १२ हजार रुपये होते. यात रोपे वाढविण्याचा काळ, पंखे, पंप व दमटपणा काढणारे यंत्र धरलेले नाही.

आता उलट बाजू पाहावी. महाराष्ट्रात दर चौरस मीटरावर सूर्य वर्षाच्या सरासरीने रोज सुमारे पाच युनिट शक्ती ओततो. म्हणजे त्याच गुंठ्यावर रोज पाचशे युनिट, तीही बिलावाचून पडतात. छप्पर घालून आपण प्रथम ती अडवितो व नंतर तितकीच विकत आणतो.

कोणी म्हणेल, छपरावर सौर पत्रे बसवू म्हणजे वीज फुकट होईल. तोही हिशेब करून पाहावा. एक किलोवॅटच्या पत्र्यांपासून आपल्याकडे रोज सुमारे चार युनिट मिळतात व त्यांस सुमारे दहा चौरस मीटर जागा लागते. साडेसहाशे युनिटांसाठी १६० किलोवॅटचे पत्रे लागतील व त्यांची जागा भरेल सोळा गुंठे. म्हणजे एका गुंठ्याच्या खोलीस उजेड देण्यासाठी सोळा गुंठे ऊन गोळा करावे लागेल.

परदेशातील संशोधकांचे निष्कर्ष याच दिशेचे आहेत. इव्हान मिल्स यांनी २०१२ साली असा अंदाज मांडला की, अमेरिकेत एकंदर खपणाऱ्या विजेपैकी सुमारे एक टक्का वीज गांजाच्या खोल्यांत जाते. कोलोरॅडो राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ साली दाखविले की, एक किलो वाळलेल्या फुलोऱ्यामागे, ठिकाणाप्रमाणे, २,२८३ ते ५,१८४ किलो कर्बवायूइतका भार वातावरणावर पडतो, आणि त्यात हवा थंड, गरम व कोरडी करण्याचा वाटा फार मोठा असतो.

खर्च कमी करण्याचे उपाय

तेथील जाणते उत्पादक स्वस्थ बसलेले नाहीत. सोडियमचे दिवे काढून एलईडी लावल्याने त्याच उजेडास वीज कमी लागते व उष्णताही कमी होते. हवेतील वाफ यंत्रात थिजून जे पाणी मिळते, ते गाळून पुन्हा झाडांस घालतात. दर पिकास नवा काथ्या व नवी लोकर न आणता कित्येकजण गांडूळखत, कंपोस्ट व आच्छादन यांवर जिवंत ठेवलेली तीच माती वर्षानुवर्षे वापरतात. कोलोरॅडोतील बोल्डर परगण्यात उत्पादकांनी आपली वीज सौर किंवा तत्सम साधनांतून भरून काढावी, नाहीतर युनिटामागे ठराविक पट्टी भरावी, असा नियम केला गेला.

परंतु या सर्वांत मोठा उपाय म्हणजे भिंत पाडून तेथे काच किंवा पारदर्शक कागद लावणे. हरितगृहात उजेड सूर्याचा, आणि दिवस आखूड करावयाचा तर काळा पडदा. दिवे केवळ उणीव भरून काढण्यापुरते. टिकाऊ खोलीचा शोध घेता घेता माणूस पुन्हा उन्हापाशीच येतो.

आपण काय घ्यावे

गांजा हा खर्च सोसू शकतो, तो केवळ त्याच्या भावामुळे. हेच दिवे गव्हावर लावून पाहा. चांगल्या बागायतीत गुंठ्यास चाळीस किलो गहू येतो. एकशेवीस दिवस रोज साडेसहाशे युनिट जाळल्यास ७८ हजार युनिट होतात, म्हणजे किलोमागे जवळजवळ दोन हजार युनिट. खोलीत दुप्पट किंवा तिप्पट पीक आले असे मानले, तरी तो गहू कोण घेणार? आणि गांजाचा चढा भावही कायमचा नव्हे. परवाने वाढले, माल वाढला, तसा अमेरिकेत अनेक ठिकाणी भाव कोसळला आणि विजेचे बिल मात्र होते तेथेच राहिले.

म्हणून खोली बांधण्यापूर्वी पहिला प्रश्न असा विचारावा की, माझ्या पिकास उजेड लागतो की नाही? धिंगरी अळिंबीस अन्न काडातून मिळते, उजेडातून नव्हे. तिला सावली, ओलावा व खेळती हवा पुरते. एक किलो कोरड्या काडावर साधारणतः अर्धा ते पाऊण किलो ताजी अळिंबी निघते आणि उरलेले काड खतास जाते. अशा पिकास भिंत शोभते. केशराचे कंद अंधाऱ्या खोलीत फुलतात खरे, परंतु ते मागील हंगामात मातीत व उन्हात साठविलेल्या शिदोरीवर. पुढील वर्षीचे कंद पोसण्यास पुन्हा उजेड लागतोच, आणि खोली विकणारा हा भाग बहुधा सांगत नाही. रोपवाटिकेत जागा थोडी, दिवस थोडे व रोपास भाव बरा, म्हणून तेथे आडोसा परवडतो. धान्य, कडधान्य व चारा यांची जागा मात्र उन्हातच आहे.

दुसरा प्रश्न विजेचा. उभारणी करून देणाऱ्याकडून रोजच्या युनिटांचा आकडा कागदावर लिहून घ्यावा, त्यास आपल्या बिलावरील दराने गुणावे, आणि भाव निम्म्यावर आला तर काय उरते ते पाहावे. तिसरा प्रश्न असा की, भर उन्हाळ्यात आठ तास वीज गेली तर खोलीतील पीक जगेल काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक आली तरच पाया खोदावा. न आल्यास तोच पैसा विहिरीवर, बांधावर किंवा साध्या शेडनेटवर घालणे अधिक फायद्याचे ठरेल, असे आमचे मत आहे.